चारशे मुलांच्या शाळेत चौघांना फिट येते, हे प्रमाण जास्त आहे का?

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलाय. पहिली ते सातवी मिळून पट साधारण चारशेचा, आणि त्यातल्या चौघांना ‘फिट येते’ हे शिक्षकांना माहीत आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकाने द्राक्षबागांच्या फवारणीवर बोट ठेवलं, दुसऱ्याने विहिरीच्या पाण्यावर. तिसऱ्याने या मुलांना सहलीला नेऊच नका असं सुचवलं. सरांना जाणून घ्यायचंय की लहान मुलांत अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार, एवढा असतोच, की त्यांच्या गावात काही वेगळं घडतंय.

सर, आधी आकडा सांगतो, मग त्याच्यावर कितपत विसंबायचं ते सांगतो.

कुठल्याही वेळी हजार माणसांमागे चार ते दहा जणांना सक्रिय, म्हणजे सध्या चालू असलेला, अपस्मार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात घरोघर जाऊन ज्या पाहण्या झाल्या त्यांची गोळाबेरीज हजारी पाच-साडेपाचच्या आसपास येते. मुंबईतल्या पारशी वसाहतींची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, त्यात आयुष्यात कधीही अपस्मार झालेल्यांचं प्रमाण हजारी ४.७ होतं आणि सध्या चालू असलेल्यांचं ३.६. केरळात २००० साली ४.९ आलं. लहान मुलांचा हिशेब वेगळा मांडला तरी तो फार लांब जात नाही. सोयीसाठी आपण हजारी पाच धरू.

म्हणजे तुमच्या चारशेच्या पटात सरासरी दोन मुलं अपेक्षित आहेत. तुम्हाला चार सापडली. दुप्पट! बैठकीत हा शब्द कोणी उच्चारला असेल तर पुढचं सगळं त्यातूनच सुरू झालं असणार. पण जिथे सरासरीच दोन आहे तिथे चार येणं ही फार मोठी गोष्ट नाही. याचं साधं गणित करता येतं: जिथे दोन अपेक्षित आहेत तिथे चार किंवा त्याहून जास्त मुलं निव्वळ योगायोगाने सापडण्याची शक्यता साधारण सातात एक. तुमच्या शाळेएवढ्या सात शाळा घेतल्या तर त्यातल्या एखादीत हे होणारच, फवारणी असो वा नसो. आणि तितकीच, सातात एक, शक्यता एकही मूल न सापडण्याची आहे. त्या शाळेचे मुख्याध्यापक मला पत्र लिहीत नाहीत, एवढाच फरक.

त्यामुळे एका शाळेच्या किंवा एका वस्तीच्या आकड्यावरून गावाचं पाणी दूषित ठरवायला जाऊ नये. आकडा मोठा झाला की तो स्थिर होतो. मैदानी भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण तीस हजार लोकसंख्येसाठी असतं. त्यातली तिसरा हिस्सा मुलं धरली तर दहा हजार, आणि त्यांच्यात अपस्माराची सुमारे पन्नास. अख्ख्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ६१ लाखांच्या वर होती. तोच हिशेब लावला तर जिल्ह्यात दहा हजारांच्या घरात मुलं असायला हवीत. ही मोजून काढलेली संख्या नाही, अंदाज आहे, पण काम करायला पुरेसा. आता कुठल्याही आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, फिटच्या गोळ्या नेणारी मुलं किती? पन्नासच्या जवळ जाणारं उत्तर मला क्वचित मिळतं. म्हणून ‘चार जास्त आहेत का’ यापेक्षा माझ्या मनात उलटा प्रश्न येतो. बाकीची कुठे आहेत?

त्याकडे येतो, पण आधी तुमच्या चौघांकडे. तुम्ही प्रत्येकाविषयी चार ओळी लिहिल्यात म्हणून बोलता येतंय. कागदावरून निदान करत नाही, तरी वर्गवारी करता येते.

दुसरीतल्या मुलाला दोन वर्षांचा असताना कडक तापात दोनदा झटके आले, त्यानंतर कधीच नाही. याला आम्ही तापातले झटके म्हणतो, अपस्मार म्हणत नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना असे झटके येऊन जातात. तुमच्याच शाळेत पालकांना नीट विचारलंत तर आठ ते वीस घरांतून ‘हो, लहानपणी तापात आली होती’ असं उत्तर मिळेल. ही सगळी मुलं अपस्मारात धरली तर कुठल्याही शाळेचा आकडा भयंकर दिसेल. साध्या प्रकारचे तापातले झटके आलेल्या शंभर मुलांपैकी एखाद-दोघांनाच पुढे अपस्मार होतो.

सहावीतली मुलगी परिपाठाला उन्हात उभी असताना पडते, पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा पांढरा पडतो आणि अर्ध्या मिनिटात ती उठून बसते. ही बहुतेक साधी चक्कर आहे. अशा चक्करमध्येसुद्धा हातपाय दोन-चार वेळा उडतात, आणि पाहणाऱ्याला ती फिटच वाटते. एकदा डॉक्टरांना दाखवा, हृदयाचा ईसीजी काढून घ्या, सकाळी उपाशी येते का ते विचारा. पण तिला यादीतून तूर्त वगळा.

चौथीतल्या मुलाचं पहाटे झोपेत तोंड एका बाजूला वाकडं होतं, लाळ गळते, शुद्धीत असूनही त्याला बोलता येत नाही. हा मुलांमधल्या अपस्माराचा नेहमी आढळणारा आणि तुलनेने सौम्य प्रकार. वयात येता येता बहुतेकांचा तो आपोआप थांबतो.

सातवीतल्या मुलाचा उजवा हात उडतो आणि एमआरआयमध्ये छोटी गाठ दिसली आहे. आपल्याकडे अशा गाठीमागे पुष्कळदा डुकराच्या पट्टकृमीची अळी असते. हे सांगितलं की घरचे हादरतात. ‘डॉक्टर, आम्ही माळकरी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही’ हे वाक्य मी नाशिकच्या ओपीडीत इतक्या वेळा ऐकलंय की आता ते येण्याआधीच उत्तर देतो. मेंदूत जाणारी अळी मांसातून येत नाही. ज्या माणसाच्या आतड्यात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेली कोथिंबीर, गाजर, मुळा, हात किंवा पाणी यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तो दुसरा माणूस शाकाहारी असला तरी काही फरक पडत नाही. एकच गाठ असेल तर ती बहुधा काही महिन्यांत विरते आणि पुढे गोळ्याही बंद करता येतात. म्हणजे बैठकीत विहिरीकडे बोट दाखवणारे पालक अगदीच चुकीचे नव्हते. प्रश्न पाण्यातल्या रसायनाचा नाही, उघड्यावरच्या शौचाचा आणि शाळेच्या नळाजवळ साबण आहे की नाही याचा आहे.

फवारणीबद्दलही सांगून टाकतो. कीटकनाशक पोटात किंवा अंगावर गेलं तर मुलाला झटके येऊ शकतात, पण तेव्हा घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या असं सगळं चित्र एकदम दिसतं आणि ती तातडीची विषबाधा असते. बाग घराला खेटून असेल तर मुलांना फवारणीच्या वेळी आत ठेवा, रिकाम्या डब्यातून पाणी देऊ नका, हे सांगायला अपस्माराची गरज नाही. मात्र पहाटे तोंड वाकडं होणाऱ्या मुलाचं आणि एमआरआयमध्ये गाठ असणाऱ्या मुलाचं खापर फवारणीवर फोडता येत नाही.

तर चारातले दोन उरले, म्हणजे अगदी सरासरीइतकेच. समिती इथे समाधान मानेल. मी मानत नाही, कारण ज्यांच्या फिट कोणाला दिसल्याच नाहीत ती मुलं या मोजणीत आलेलीच नाहीत.

तिसरी-चौथीच्या बाईंना श्रुतलेखनाच्या वह्या काढायला सांगा. एखाद्या हुशार मुलीच्या वहीत वाक्याच्या मधलेच दोन-तीन शब्द गायब असतात. पुढचं वाक्य पुन्हा नीट, शुद्धलेखन नीट, आणि चार ओळींनी पुन्हा तसंच भगदाड. कधी कधी शेवटच्या अक्षराची रेघ खाली ओघळलेली असते. बाई शेरा मारतात, ‘लक्ष नसते’. अशी मुलगी आली की मी तिच्या हातात कागदाचं भिरभिरं देतो आणि फुंकत राहायला सांगतो, न थांबता तीन मिनिटं. दोन-एक मिनिटं भिरभिरं फिरतं, मग थांबतं. डोळे उघडे, नजर कुठेच नाही, पापण्या किंचित फडफडतात. मी एक शब्द म्हणतो, ‘आंबा’. दहा-बारा सेकंदांनी ती पुन्हा फुंकायला लागते, जणू काही झालंच नाही. ‘मी काय म्हणालो?’ ‘काही नाही म्हणालात.’ आई शेजारी बसून हे पाहत असते आणि तिला वर्षभराच्या सगळ्या मारांची आठवण होते. फिटचा हा प्रकार बहुधा चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होतो, दिवसातून पन्नास वेळा होऊ शकतो, औषधाने बहुतेक वेळा आवरतो, आणि ‘कोणाला फिट येते का’ या प्रश्नाने तो कधीच सापडत नाही.

घरोघर मोजणाऱ्यांची अडचणही हीच आहे. आशाताई दारात उभ्या राहून विचारतात, ‘घरात कोणाला फिट, आकडी?’ सासूबाई आतूनच म्हणतात, ‘नाही बाई, आमच्याकडे तसलं काही नाही.’ त्याच आशाताईंनी ओट्यावर बसून विचारलं की कोणी झोपेत दात खातं का, सकाळी जीभ चावलेली असते का, हातातला कप अचानक उडून पडतो का, लहान बाळ झोपेतून उठल्यावर ओळीने दचकतं का, तर त्याच घरातून ‘हो, धाकट्याचं तसं होतं’ असं येतं. प्रश्न बदलला की आकडा बदलतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेने एक लाखाहून जास्त लोकांची जी पाहणी केली आणि जी २००४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात शहरात हजारी ५.७ आणि खेड्यांत ११.९ असं निघालं. खेड्यात दुप्पट असण्याची खरी कारणं आहेतच: बाळंतपणात बाळ उशिरा रडणं, जन्मानंतर साखर उतरणं, मेंदूज्वर, डोक्याला मार, आत्ताच सांगितलेला कृमी. पण भारतातल्या सगळ्या पाहण्या एकत्र केल्यावर गाव-शहराचा फरक एवढा उठून दिसत नाही. मला वाटतं, कोणी, कसं आणि किती वेळ बसून विचारलं याचाही त्यात मोठा वाटा आहे.

मुलींचं तर विचारूच नका. सातवी-आठवीच्या पुढे यादीतल्या मुली कमी व्हायला लागतात. त्या बऱ्या झालेल्या नसतात, लग्न ठरवायचं असतं. गोळ्या गावच्या मेडिकलमधून घ्यायच्या नाहीत, केंद्रात नाव घालायचं नाही, दाखवायचं तर परस्पर मुंबईला. हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण १९९९ सालीच काढून टाकलं, तरी सोयरिकीच्या बैठकीत ते अजून कायम आहे.

पेठ-सुरगाण्याकडची, म्हणजे जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांतली, मुलं आणखी एका फटीतून निसटतात. आई-वडील छाटणीपासून खुड्यापर्यंत, म्हणजे द्राक्षांच्या तोडणीपर्यंत, तुमच्याकडच्या बागांमध्ये कामाला येतात, मूल बरोबर असतं. तिकडच्या केंद्राच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि इकडच्या वहीत नाव चढत नाही. महिन्याच्या गोळ्या संपल्या की संपल्या. पंधरा दिवसांनी मोठी फिट येते आणि मग भगताकडे नेतात, कारण तो रात्रीसुद्धा भेटतो. मी भगतावर रागावण्यात वेळ घालवत नाही. अंगारा लावा, गंडा बांधा, पण गोळी चुकवू नका, एवढं बोललो तर निदान पुढच्या खेपेला ते लोक पुन्हा येतात.

सगळ्यात जास्त आजारी मुलं तुमच्या पटावर नसतातच. अपस्मार असलेल्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा बौद्धिकदृष्ट्याही मागे असतो. काहींना चालता येत नाही, काहींना दिवसात कितीतरी झटके येतात. ती घरात, खाटेवर असतात. शिवाय मुलांमध्ये अपस्मार सुरू होण्याचं प्रमाण आयुष्याच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतं. नॉर्वेत देशभरच्या मुलांची नोंद ठेवून जो अभ्यास झाला त्यात पहिल्या वर्षात लाखामागे १४४ बाळांना अपस्मार सुरू झाला, आणि नंतर दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी लाखामागे ५८ मुलांना. सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर कंबरेतून वाकतं, हात पसरतं, पुन्हा वाकतं, असं ओळीने दहा-वीस वेळा. घरचे म्हणतात पोटात कळ येते. ग्राइप वॉटर चालू होतं. पण हीसुद्धा फिट असू शकते, आणि इथे आठवडा-दोन आठवड्यांचा उशीरही महागात पडतो, कारण बाळाचं शिकणं मागे जातं आणि नंतरच्या औषधाने ते सगळं भरून येत नाही. तुमच्या अंगणवाडीताईंना एवढी एक गोष्ट सांगितलीत तरी चालेल: असं बाळ दिसलं की मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. मला ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीच्या, आधी तो व्हिडिओ हवा असतो.

याच नॉर्वेच्या अभ्यासात दहा वर्षं पुरी होईपर्यंत दीडशेतल्या एका मुलाला कधी ना कधी अपस्मार झाला होता, म्हणजे हजारी साडेसहाच्या वर. हा आकडा आणि आपला हजारी पाच यांची थेट तुलना करू नका. एक ‘कधी ना कधी’चा आहे, दुसरा ‘आज’चा. गंगापूर धरणाची पातळी जशी वरून येणाऱ्या पाण्यावर आणि सोडलेल्या पाण्यावर ठरते, तसा आजचा आकडा नव्याने आजारी पडणाऱ्यांवर आणि यादीतून बाहेर जाणाऱ्यांवर ठरतो. बाहेर जाण्याच्या दोन वाटा आहेत. बरीच मुलं बरी होतात. मोजणीच्या रूढ व्याख्येत पाच वर्षांत फिट नाही आणि गोळीही नाही, तर मूल ‘सक्रिय’ यादीतून निघतं. दुसरी वाट मृत्यूची, पाण्यात बुडणं, चुलीवर पडणं, न थांबणारी फिट. गरीब भागात नव्या रुग्णांचं प्रमाण जास्त असूनही आजचा आकडा त्या मानाने फुगलेला दिसत नाही, त्यामागे ही दुसरी वाट असते. म्हणून एखाद्या तालुक्याचा आकडा कमी आला की लगेच खूश होऊ नये. मुलं बरी होऊन गेली की गेलीच, हे आधी पाहावं लागतं.

माझ्या किंवा कुठल्याही नाशिकच्या डॉक्टरच्या ओपीडीवरून जिल्ह्याचं प्रमाण काढण्यातही अर्थ नाही. धुळे-नंदुरबारची मुलं इथे येतात, नाशिकची मुंबईला जातात, आणि ज्यांना आठवड्याला एक फिट येते ती येतात, वर्षाला एक येणारी येत नाहीत.

उपचाराचं बोलायचं तर योग्य निदान आणि रोजची गोळी मिळाली तर सत्तर टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय राहू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि साक्षर केरळातल्या त्या पाहणीतसुद्धा अपस्माराच्या शंभरातल्या ३८ जणांचा उपचार चालू नव्हता.

सहलीचा प्रश्न राहिला. चौघांनाही न्या. नियमित गोळी घेणाऱ्या दोघांची त्या दिवशीची गोळी आणि त्या रात्रीची झोप चुकवू नका, पाण्यात एकटं उतरू देऊ नका, बस्स. फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर किंवा स्वेटर, घड्याळ पाहायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. आणि लासलगावच्या इतक्या जवळ राहून हे सांगावं लागतं म्हणून सांगतो: कांदा फोडून नाकाला लावल्याने फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, श्रेय कांद्याला मिळतं. चपलेचंही तेच. वेगळ्या बाकावर वगैरे बसवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्या यादीत झटक्यांचा आजार आहेच. पथकाला देताना चार नावं एकाखाली एक लिहू नका. चौथीतला आणि सातवीतला मुलगा ‘उपचार चालू’ म्हणून द्या. सहावीतली मुलगी ‘चक्कर, तपासणी हवी’ म्हणून. दुसरीतल्याचं नाव द्यायची गरज नाही. त्याखाली श्रुतलेखनाच्या वहीत भगदाडं असलेल्यांची नावं लिहा, दोन असोत की पाच. आणि मागच्या बाजूला, गावातली जी मुलं वयाने शाळेची आहेत पण पटावर नाहीत किंवा गेल्या दोन वर्षांत यायची बंद झाली, त्यांची यादी आशाताईंना बरोबर घेऊन करा. बागेवरच्या झोपड्याही त्यात धरा, खुडा संपून ती माणसं परत जायच्या आत.